१ सेंमी = १००० किमी: पृथ्वीचं अंतरंग आणि विश्व समजून घेताना या चुका टाळा

पृथ्वीचं अंतरंग काढा म्हटलं की वहीत ठरलेलं चित्र उमटतं. कांद्याच्या चकतीसारखी तीन-चार सारख्या जाडीची कडी, बाहेर बोटभर जाडीचं भूकवच, त्याच्या आत लालभडक प्रावरण आणि मधोमध पिवळा गाभा. चंद्र काढायचा असेल तर तो पृथ्वीपासून वीतभर अंतरावर. ऋतूंची आकृती असेल तर कक्षा काकडीसारखी लांबट. ही चित्रं पाठ होतात आणि पुढची चुकीची उत्तरं त्यांच्यातूनच निघतात. दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हा प्रश्न अवघड वाटतो तो चित्र प्रमाणात नसतं म्हणून.

यावर एक साधा उपाय आहे. एकच प्रमाण धरायचं आणि शक्य तिथे सगळीकडे तेच वापरायचं: १ सेंमी म्हणजे १००० किमी. या प्रमाणात पृथ्वी १२.७ सेंमी व्यासाची होते, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळाएवढी. चंद्र ३.५ सेंमीचा, लिंबाएवढा. कंपास, पट्टी, मोजपात्र आणि मोजण्याची टेप एवढ्यावर पुढचं सगळं काम भागतं.

भूकवच पेन्सिलीच्या रेघेपेक्षा जाड काढू नका

कंपास ६.४ सेंमीवर लावून वर्तुळ काढा, ही पृथ्वी. त्याच केंद्रावरून ३.५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा, ही बाह्यगाभ्याची हद्द. मग १.२ सेंमीचं, हा अंतर्गाभा. प्रत्यक्षात या त्रिज्या ६३७१, ३४८० आणि सुमारे १२२० किमी आहेत. आता भूकवच. खंडांखाली ते सरासरी ३५ ते ४० किमी जाड असतं, समुद्राखाली जेमतेम ७ किमी. आपल्या प्रमाणात खंडीय कवच ०.४ मिलीमीटरपेक्षा कमी आणि महासागरी कवच ०.०७ मिलीमीटर. यांत्रिक पेन्सिलीची ०.५ मिमीची रेघ म्हणजेच ५० किमी झाले. बाहेरचं वर्तुळ काढताना उमटलेली रेघ हेच भूकवच, त्यासाठी वेगळं कडं काढायची गरजच नाही.

याच रेघेत एव्हरेस्टही मावतं (०.०९ मिमी) आणि मारियाना गर्ताही (०.११ मिमी). रशियातल्या कोला द्वीपकल्पावर १९७० साली सुरू झालेलं आणि १२,२६२ मीटरपर्यंत गेलेलं, माणसानं खणलेलं सर्वांत खोल छिद्र या आकृतीत ०.१२ मिमी भरतं. ते खंडीय कवचही पार करू शकलं नाही. ‘पृथ्वीच्या पोटात खणून पाहिलं’ असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे हा आकडा लक्षात असू द्या. आतली जवळजवळ सगळी माहिती भूकंपलहरी, घनता, चुंबकत्व आणि प्रयोगशाळेत दाबाखाली ठेवलेले खडक यांच्याकडून आलेली आहे.

इथेच दुसरी एक चूक दुरुस्त होते. पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे हे खरं, म्हणून मुलं संत्र्यासारखं दबलेलं वर्तुळ काढतात. विषुववृत्तीय आणि ध्रुवीय व्यासांत फरक आहे सुमारे ४३ किमी. नारळाएवढ्या आकृतीत तो अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी. कंपासचं वर्तुळ पुरेसं अचूक आहे, ते मुद्दाम दाबू नका.

प्रदर्शनासाठी शाडूचं मॉडेल करत असाल तर माती अंदाजानं घेऊ नका. अंदाजानं घेतलं की गाभा हमखास मोठा होतो. वरच्या मापाचा अर्धगोल करायचा तर अंतर्गाभ्यासाठी ४ मिली माती लागते, चहाच्या चमच्याहून थोडी कमी. बाह्यगाभ्यासाठी ८५ मिली आणि प्रावरणासाठी ४५० मिली. मोजपात्रात दाबून भरा, मध्ये हवा राहिली की माप चुकतं. भूकवच मातीचं करायचा प्रयत्न सोडून द्या, इतका पातळ थर लिंपता येत नाही. त्याऐवजी खंडांसाठी पातळ कार्डशीट आणि समुद्रासाठी वहीचा एक कागद चिकटवा, जाडी जवळपास बरोबर येते. शाडूचा भरीव अर्धगोल उन्हात ठेवला तर वरचा थर आधी आकसतो आणि तडकतो. ओलं फडकं टाकून सावलीत हळूहळू वाळवा.

हे मॉडेल हातात असताना एक प्रश्न जरूर विचारावा. गाभ्याची त्रिज्या पृथ्वीच्या त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त आहे, मग त्याला माती इतकी कमी कशी लागली? आकारमान त्रिज्येच्या घनाप्रमाणे वाढतं म्हणून. गाभा आकारमानानं पृथ्वीचा सुमारे १६ टक्के, पण वस्तुमानानं जवळजवळ एक तृतीयांश भरतो, कारण तो लोखंड आणि निकेलचा आहे. कवचातल्या ग्रॅनाइटची घनता २.७, अख्ख्या पृथ्वीची सरासरी ५.५ ग्रॅम प्रति घनसेंमी. वरचा खडक सरासरीच्या निम्म्यावर असेल तर आत कुठेतरी खूप जड काहीतरी असायलाच हवं. गाभ्याच्या अस्तित्वाचा हा सर्वांत साधा पुरावा, आणि तो बहुतेक वेळा शिकवायचा राहून जातो.

प्रावरण रंगवताना लाल रंग बाजूला ठेवा

‘भूकवच वितळलेल्या शिलारसावर तरंगतं’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं जातं की ते खरं वाटू लागतं. प्रावरण घन आहे. पुरावा दुय्यम लहरींचा, म्हणजे एस लहरींचा. या लहरी खडकाला आडव्या दिशेनं हलवत पुढे जातात. घन पदार्थ बाजूला ढकलला की तो परत मूळ जागी ओढला जातो आणि लहर पुढे सरकते. द्रवाला अशी ओढ नसते, म्हणून एस लहर द्रवात शिरताच संपते. प्रावरणातून एस लहरी सरळ आरपार जातात. २८९० किमी खोलीवर, गटेनबर्ग विलगतेपाशी (विलगता म्हणजे दोन थरांमधली सीमा) त्या थांबतात. त्याच ठिकाणी, द्रवातूनही जाऊ शकणाऱ्या प्राथमिक लहरींचा वेगही सेकंदाला सुमारे १३.७ किमीवरून ८ किमीवर घसरतो. द्रव आहे तो बाह्यगाभा.

मग घन प्रावरण वाहतं कसं? रस्त्याच्या कामावरचा डांबराचा गार गोळा आठवा. हातोडा मारला तर त्याचा तुकडा उडतो, पण तोच गोळा महिनोन्‌महिने पडून राहिला की पसरतो. भूकंपलहर काही सेकंदांचा धक्का देते, तेव्हा प्रावरण कडक खडकासारखं वागतं. कोट्यवधी वर्षांच्या मोजमापात ते वर्षाला काही सेंटिमीटर या वेगानं सरकतं. वागण्यातला फरक काळाच्या मापाचा आहे.

वरच्या प्रावरणातला खडक ऑलिव्हिन या खनिजामुळे हिरवट असतो. मॉडेलमध्ये वरच्या भागाला गडद हिरवा रंग दिलात तर बघणारा थांबून विचारतो, आणि शिकवायला तेवढं पुरतं.

‘मग ज्वालामुखीतून येणारा लाव्हा कुठला?’ हा प्रश्न पुढे येणारच. गरम खडक वर सरकला की त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडासा भाग वितळतो. कुठे खाली जाणाऱ्या महासागरी भूपट्टातलं पाणी खडकात मिसळतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली येतो. म्हणजे शिलारस ठरावीक ठिकाणी तयार होतो. खाली त्याचा सलग समुद्र नसतो.

याच गोंधळातून भूकवच आणि भूपट्ट एकच समजले जातात. भूपट्ट म्हणजे भूकवच आणि त्याला खालून चिकटलेला प्रावरणाचा कडक भाग, दोन्ही मिळून. त्याला शिलावरण म्हणतात. जाडी ठिकठिकाणी वेगळी, ढोबळमानानं १०० किमी धरा, आपल्या आकृतीत १ मिलीमीटर. त्याच्याखालचं दुर्बलावरण मऊ आहे, पण तेही बहुतांशी घनच. भूकवच आणि प्रावरण यांच्या मधली मोहो विलगता खडकाचा प्रकार बदलतो तिथे असते, शिलावरणाचा तळ खडकाचा कडकपणा बदलतो तिथे. या दोन वेगळ्या रेषा आहेत, एकाच रेषेला दोन नावं देऊ नका. सियाल (भूकवचाचा वरचा थर) आणि सायमा (त्याच्या खालचा थर) हे जुने शब्द परीक्षेत येतात म्हणून माहीत असावेत. मात्र त्यांच्या मधली कॉनरॅड विलगता सगळीकडे सापडत नाही, ती अखंड रेघ म्हणून काढू नका.

खोल जावं तसं गरम, पण कोणत्या दरानं?

ठरलेलं गणित असं: कवचात दर किलोमीटरला सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढतं, म्हणून केंद्राशी ६३७१ गुणिले ३०, म्हणजे एक लाख नव्वद हजार अंश. उत्तर चुकतं ते दर सगळीकडे तोच धरल्यामुळे. कवचात उष्णता खडकातून वहनानं, फार सावकाश बाहेर येते आणि तिथे किरणोत्सारी मूलद्रव्यंही जास्त आहेत, म्हणून चढ तीव्र असतो. खाली प्रावरण स्वतःच सरकत उष्णता वर आणतं, त्यामुळे तिथला दर किलोमीटरला अर्ध्या अंशाच्या आसपास उतरतो. केंद्राचं तापमान सुमारे ५००० ते ५५०० अंश मानलं जातं, सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास.

कवचाच्या आतही दर ठिकाणागणिक बदलतो. कोलाच्या छिद्रात तळाशी १०० अंशांच्या आसपास तापमान अपेक्षित होतं, निघालं १८०. पुढे खणणं अशक्य होण्याचं हे मुख्य कारण.

सगळ्यांत गरम भाग अंतर्गाभा आणि तोच घन, हे मुलांना खटकतं आणि खटकायलाच हवं. तिथला दाब वातावरणाच्या दाबाच्या ३६ लाख पट आहे. एवढ्या दाबाखाली लोखंडाचा वितळणबिंदू तिथल्या तापमानाच्याही वर जातो. बाह्यगाभ्यात दाब तुलनेनं कमी पडतो, म्हणून लोखंड द्रव राहतं. अंतर्गाभा वेगळा आहे हे डेन्मार्कच्या इंगे लेहमन यांनी १९३६ साली भूकंपलहरींच्या नोंदींवरून दाखवून दिलं.

आणि आकृतीत पृथ्वीच्या पोटात पट्टीचुंबक काढणं बंद करायला हवं. लोखंड ७७० अंशांच्या वर आपलं चुंबकत्व टिकवू शकत नाही, गाभा तर त्याच्या कितीतरी पट गरम आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बाह्यगाभ्यातल्या वाहत्या द्रव लोखंडातल्या विद्युतप्रवाहांमुळे तयार होतं. समजावण्यापुरता चुंबक काढलाच तर त्याचं दक्षिण टोक उत्तरेकडे ठेवा, नाहीतर होकायंत्राची उत्तर सुई तिकडे ओढलीच जाणार नाही.

भूकंप, दख्खन, लोणार

बातम्यांत ‘६.२ रिश्टर तीव्रतेचा भूकंप’ असं सर्रास लिहितात. यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. भूकंपाची महत्ता उगमापाशी सुटलेल्या ऊर्जेशी जोडलेली असते, एका भूकंपाला एकच. तीव्रता म्हणजे एखाद्या गावी किती हादरलं, ती गावागणिक बदलते आणि मर्कली प्रमाणावर सांगतात. महत्तेत एकाची वाढ म्हणजे ऊर्जा सुमारे ३२ पट, दोनाची वाढ म्हणजे हजार पट. ६ आणि ८ यांची तुलना बेरजेच्या नजरेनं केली की सगळं चुकतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही भूकंप सहाच्या थोडे वरचे. दोन्ही उथळ, म्हणजे आपल्या आकृतीतल्या त्या पेन्सिलीच्या रेघेच्या आतच उगम पावलेले. इतकी हानी होण्यामागे ही उथळ खोली आणि घरांची बांधणी, दोन्ही होत्या. आणि दोन्ही जागा भूपट्टाच्या कडेपासून दूर आहेत, तेव्हा ‘भूकंप फक्त पट्टांच्या सीमेवर होतात’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यानं तरी लिहू नये.

सह्याद्रीचे सुळके म्हणजे विझलेले ज्वालामुखी, ही समजूतही अशीच पसरलेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा थरांवर थर पसरत गेला. आज दिसणारे डोंगर त्या थरांना पावसानं आणि नद्यांनी कापून घडवले आहेत. घाटातून जाताना कड्यावर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे तेच थर. लोणारचं मात्र उलटं आहे. सुमारे १.८ किमी व्यासाचं ते विवर ज्वालामुखीचं मुख समजलं जातं, पण ते बेसाल्टवर अशनी आदळून झालेलं आहे. तिथे सापडणारी मॅस्केलिनाइट ही काच आघाताच्या प्रचंड दाबाखाली तयार होते. लाव्हा थिजून ती बनत नाही.

लिंबू वीतभर अंतरावर ठेवू नका

आता टेप घ्या. पृथ्वी नारळाएवढी असेल तर लिंबाएवढा चंद्र ३ मीटर ८४ सेंमीवर ठेवायचा. वर्गाच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत. याच प्रमाणात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक नारळाच्या वर ४ मिलीमीटरवर फिरतं. ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ या समजुतीला हे ४ मिलीमीटर पुरेसं उत्तर देतात: तिथेही ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. अंतराळवीर तरंगतात ते स्थानकासह सतत पडत असल्यामुळे.

ग्रहण दर महिन्याला का होत नाही, हे आता मोजून दाखवता येतं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. ३.८४ मीटरवर ५ अंश म्हणजे लिंबू ३४ सेंमीपर्यंत वर किंवा खाली जाऊ शकतं. त्या अंतरावर नारळाची गडद सावली मात्र फक्त ९ सेंमी रुंद असते. बहुतेक पौर्णिमांना लिंबू सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातं. वीतभर अंतराच्या आकृतीत हे कधीच पटत नाही, कारण तिथे सावली चंद्राला चुकवणं शक्यच वाटत नाही.

चंद्रकलांचा प्रयोग वेगळा करावा लागतो आणि त्यात हमखास एक घोटाळा होतो. अंधाऱ्या खोलीत एक दिवा, हातात काडीवर टोचलेला थर्मोकोलचा गोळा, आणि आपण स्वतःभोवती फिरत गोळ्याकडे पाहायचं. गोळा डोळ्यांच्या उंचीवर धरला की दिव्याकडे पाठ होताच डोक्याची सावली गोळ्यावर पडते. पौर्णिमा दिसायच्या ऐवजी अंधार दिसतो, आणि ‘कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात’ ही चूक तिथेच पक्की होते. गोळा डोक्याच्या वर वीतभर उंच धरा. भिंती पांढऱ्या असतील तर त्यांचा उजेड गोळ्याच्या काळ्या बाजूवर येतो आणि कोर स्पष्ट दिसत नाही. मागे गडद चादर टांगा.

याहून चांगला प्रयोग फुकट होतो. वद्य षष्ठी ते अष्टमीला सकाळी आठच्या सुमारास पश्चिमेकडे चंद्र दिसतो. उन्हात उभं राहून तोच गोळा चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरा. गोळ्यावरची कला आणि चंद्राची कला तंतोतंत सारखी दिसते. तेव्हा पृथ्वीची सावली कुठे आहे, हे मुलांनाच विचारा.

ऋतू: पृथ्वीगोल फिरवताना आस फिरवू नका

पृथ्वी सूर्यापासून दूर गेली की हिवाळा, हे उत्तर अजून येतं. प्रत्यक्षात पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किमी, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, १५.२ कोटी किमी. उत्तर गोलार्धात थंडी असते ती जवळ असताना. कक्षा प्रमाणात काढायची असेल तर (इथे १ सेंमी म्हणजे १ कोटी किमी) १५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि सूर्य केंद्रापासून अडीच मिलीमीटर बाजूला ठेवा. झाली कक्षा. पुस्तकातली लांबट आकृती तिरकस नजरेनं पाहिलेल्या वर्तुळाची असते, हे तिथे लिहिलेलं नसतं.

वर्गातला प्रयोग फसतो तो एका ठिकाणी. दिवा मध्ये ठेवून पृथ्वीगोल हातात धरून फेरी मारताना आपण नकळत स्वतः वळतो आणि गोलाचा आसही वळतो, मग चारही जागी उत्तर ध्रुव दिव्याकडेच झुकलेला राहतो. म्हणजे वर्षभर उन्हाळा. भिंतीवर एक खिळा किंवा कागदाचा ध्रुवतारा लावा आणि चारही जागी आसाचं टोक त्याच दिशेला आहे ना ते तपासा. बल्ब गोलाच्या मध्याच्या उंचीवर हवा, वर टांगलेला दिवा नेहमी उत्तर ध्रुवच उजळतो.

कल असला की फरक कसा पडतो, हे पुण्याच्या आकड्यांत पाहा. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, २१ जूनला ८५ अंशांवर. तिरके किरण जास्त जागेवर पसरतात, त्यामुळे डिसेंबरातल्या दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला जूनच्या तीन चतुर्थांश ऊन मिळतं. शिवाय दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये तेरा तासांहून थोडा मोठा. तरीही आपल्याकडे मे जूनपेक्षा तापतो, कारण सूर्य मे महिन्यातच डोक्यावर येतो आणि जूनमध्ये पावसाचे ढग आडवे येतात.

शून्य सावलीची नोंद चुकते कुठे

अख्खा महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत, म्हणून इथे प्रत्येक गावी सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैअखेरीस, पण दुसरी वेळ सहसा ढगांत जाते. पहिली चूक दुपारी बाराला सावली बघण्याची. घड्याळातली वेळ ८२.५ पूर्व रेखांशाची आहे. आपला रेखांश त्यातून वजा करा आणि ४ मिनिटांनी गुणा. पुण्यासाठी ते ३५ मिनिटांच्या आसपास येतं. मेच्या मध्याला सूर्य घड्याळाच्या पावणेचार मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा करा. म्हणजे १२ वाजून ३१ मिनिटं. मुंबईत १२:३५. नागपुरात सूर्य २६ मेच्या आसपास डोक्यावर येतो, तिथे १२:१० च्या सुमारास.

दुसरी चूक काठीच्या उभेपणाची, आणि ती जास्त महाग पडते. ३० सेंमीच्या काठीची सावली एक दिवस चुकला तर फक्त एक-सव्वा मिलीमीटर दिसते, दहा मिनिटं चुकली तर सव्वा सेंटिमीटर. काठी दोन अंशांनी कलली असेल तर एक सेंटिमीटर. म्हणून तारखेपेक्षा वेळ आणि ओळंबा महत्त्वाचा. काठीऐवजी सपाट कापलेला पीव्हीसी पाइप घ्या, फरशी पाणसळीनं तपासा, पाइपाला दोन बाजूंनी ओळंबा लावून बघा. सावलीची कड धूसर दिसते, कारण सूर्याची चकती अर्ध्या अंशाची आहे. धूसर पट्ट्याचा मध्य धरून मोजा.

पुढे २१ जूनला ऊन मिळालं तर पुन्हा मोजा. पुण्यात सावली अडीच सेंटिमीटरची असेल आणि ती दक्षिणेला पडेल. ‘दुपारची सावली नेहमी उत्तरेला’ हे पाठांतर तिथे मोडतं.

बिलियनचं मराठी करताना

इंग्रजी मजकुरावरून नोट्स काढताना शून्यं हरवतात. मिलियन म्हणजे दशलक्ष, दहा लाख. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज वर्षं म्हणजे ४५४ कोटी, आणि ते ‘४५ कोटी’ असं छापलेलं दिसलं तर एक शून्य गळलं आहे. विश्वाचं वय १३.८ अब्ज, म्हणजे १३८० कोटी वर्षं.

प्रकाशवर्ष हे अंतर आहे, ९.४६ लाख कोटी किमी. ‘दहा प्रकाशवर्षांपूर्वी’ असं लिहिलं की वाक्यच चुकलं. आपल्या प्रमाणात प्रकाश सेकंदाला ३ मीटर जातो, सावकाश धावणाऱ्या माणसासारखा. नारळापासून लिंबापर्यंत त्याला सव्वा सेकंद लागतो. सूर्य १४ मीटर उंचीचा गोळा, साडेचार मजली इमारतीएवढा, दीड किलोमीटरवर. तिथून प्रकाशाला ८ मिनिटं २० सेकंद. नेपच्यून ४५ किमीवर, मुंबईच्या सीएसएमटीपासून कल्याण सरळ रेषेत जितकं दूर साधारण तितका. आणि सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा? या प्रमाणात तो ४ लाख किमीवर येतो. खरा चंद्र जिथे आहे, जवळजवळ तिथेच. सूर्यमाला आणि ताऱ्यांमधलं अंतर एकाच कागदावर का मावत नाही, हे मुलांना इथे उमगतं.

शब्दांचाही घोटाळा टाळा. मराठीत आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं (गॅलक्सीचं) नाव. ‘विश्वात अनेक आकाशगंगा आहेत’ ही हिंदीतून आलेली रचना, मराठीत दीर्घिका म्हणावं. जमिनीवर पोचतो तो अशनी, हवेत जळताना दिसते ती उल्का.

फुग्यावर ठिपके काढू नका

महास्फोट या शब्दानंच अर्धा गैरसमज होतो: कुठेतरी मोकळ्या जागेत स्फोट झाला आणि तुकडे उडाले. ‘बिग बँग’ हा मूळ इंग्रजी शब्द फ्रेड हॉईल यांनी १९४९ साली रेडिओवरच्या भाषणात वापरला. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले हे मार्गदर्शक त्या सिद्धांताचे विरोधकच होते, आणि त्यांचाच शब्द टिकला. सिद्धांत सांगतो ते असं: पूर्वी विश्व अतिशय दाट आणि उष्ण होतं, तेव्हापासून सगळीकडचं अवकाशच पसरत आहे. या पसरण्याला केंद्र नाही.

हे फुग्यावर दाखवतात, पण स्केचपेननं ठिपके काढले की फुगा फुगताना ठिपकेही फुगतात आणि मुलांना वाटतं दीर्घिकाही पसरतात. त्याऐवजी कपाळाला लावायच्या छोट्या टिकल्या लावा. फुगा आधी मुठीएवढा फुगवून घ्या, पूर्ण रिकाम्या फुग्यावर टिकली धरत नाही. एका टिकलीपासून २ आणि ४ सेंमीवर दोन टिकल्या लावा, मग फुगा दुप्पट होईपर्यंत फुगवा. अंतरं ४ आणि ८ होतात. जवळची २ सेंमी दूर गेली, लांबची ४. मोजणी दुसऱ्या कोणत्याही टिकलीपासून केली तरी हेच दिसतं. सांगायचं राहू नये ते एवढंच की विश्वाच्या जागी फक्त रबराचा पृष्ठभाग धरायचा, आतली हवा धरायची नाही. केंद्र शोधणारा विद्यार्थी नेहमी फुग्याच्या आत बोट दाखवतो.

शेवटी दोन टिकल्या अगदी शेजारी लावून त्यांच्यावर चिकटपट्टीचा तुकडा दाबून बसवा. फुगा फुगला तरी त्या दोघींमधलं अंतर वाढत नाही. गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या गोष्टींचं असंच असतं: पृथ्वी आणि सूर्य, आकाशगंगेतले तारे. २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका तर आपल्याकडेच येत आहे. म्हणून उत्तरपत्रिकेत ‘सर्व दीर्घिका आपल्यापासून दूर जात आहेत’ ऐवजी ‘दूरच्या दीर्घिका’ लिहा.